बेकरीच्या दारातला आवाज

वहिनीला कुणी बालवाडीच्या बाई म्हटलं की ती मान डोलावते, पण आतून ती अजून टेलिफोन ऑपरेटरच आहे. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा ती एका मोठ्या इस्पितळाच्या फोन बोर्डावर कामाला होती. डॉक्टर, नर्सा, औषधवाले, रडणारे नातेवाईक, सगळ्यांची बोलणी तिच्या हातून जोडली जायची. मी तिची नणंद, आणि जन्माची भोचक. ती दमून घरी आली की मी चहाचा कप पुढे करून विचारायची, "आज काय काय ऐकलंस?" ती चहा घ्यायची आणि म्हणायची, "लाइनवरचं बाहेर सांगायचं नसतं, वन्सं." वन्सं ती मला फक्त खिजवायला म्हणते. एरवी आमच्यात एकमेकींचा मान राखायची फारशी पद्धत नाही.

इतक्या वर्षांत तिने एक अक्षर फोडलं नाही. एकदा तर शेजारणीच्या नवऱ्याचं दुखणं तिला आठवडाभर आधी ठाऊक होतं, आणि रोज तीच शेजारीण आमच्या ओट्यावर बसून वहिनीशी कपड्यांच्या गप्पा मारत होती. मला नंतर कळलं तेव्हा मी वहिनीवर भडकले. असं कसं पोटात ठेवता येतं माणसाला? माझ्या तोंडात तर तीळ भिजत नाही.

मग इस्पितळात आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि बोर्ड बंद झाला. वहिनीला निरोप देताना भंगारात निघालेले दोन काळे फोन दिले. ते घेऊन ती घरी आली आणि बरेच महिने नुसती खिडकीत बसून राहिली. एक दिवस उठली, माझ्या शिवणकामाच्या खोलीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बालवाडी काढली. दादाचं रेडिओ आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने ते दोन फोन एकमेकांना जोडून दिले. एक मुलांच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलाखाली, वरून चादरीचा पडदा सोडलेला. दुसरा वरच्या स्वयंपाकघरात, शेगडीशेजारच्या भिंतीवर.

बालवाडीत बाकी सगळं इतर बालवाड्यांसारखंच होतं, मणी, ठोकळे, मातीचे गोळे, आणि माझ्या डोक्यावर दिवसभर धाडधाड. वेगळा होता तो फोन. कुठल्याही मुलाने पडद्याआड शिरावं, रिसीव्हर उचलावा, म्हणजे स्वयंपाकघरात घंटी वाजायची. वहिनी दूध ढवळत असली तरी चमचा ठेवून फोन घ्यायची. "हॅलो, कोण हवंय?" कुणाला वाघ हवा असायचा, कुणाला चंद्र, कुणाला ऑफिसात गेलेले बाबा. वहिनी कधी वाघाचा आवाज काढायची नाही. ती म्हणायची, "वाघ आत्ता जागेवर नाहीत. निरोप ठेवायचा का?" आणि मग मन लावून ऐकायची. मी दुपारी चहाला वर जायची तेव्हा मला तिच्या बाजूचंच बोलणं ऐकू यायचं. पलीकडून कोण काय बोललं, हे विचारलं की तेच उत्तर.

आता बटणाबद्दल सांगते. बटण म्हणजे एक मुलगी, फ्रॉकचं वरचं बटण सतत दातांत धरून असायची म्हणून आम्ही ते नाव पाडलं. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा, अंगाला कायम वाफेचा वास. घरात त्या दोघीच. आधी आजीही होती. आजी गेली आणि मुलगी बोलायची थांबली. रुसून थांबावी तशी नाही, पूर्णच. आईशी नाही, कुणाशीच नाही. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठणठणीत. बोलेल तेव्हा बोलेल, म्हणाले. आई बिचारी रोज संध्याकाळी न्यायला आली की दारातून आधी वहिनीच्या तोंडाकडे बघायची. वहिनी सांगायची, "आज छान जेवली. छान झोपली." आई मान हलवायची आणि चपला शोधायला लागायची.

त्याच थंडीत बालवाडीवर संकट आलं. तपासणीला माणूस आला, त्याने आमचा लाकडी जिना पाहिला आणि म्हणाला, आग लागली तर मुलं उतरणार कुठून? मागच्या बाजूने लोखंडी जिना बांधा, कठड्यासकट, नाहीतर परवाना मिळणार नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. घरमालक म्हणाला, बांधायला माझी ना नाही, पण खर्च तुमचा. वहिनीने स्वतःच्या बांगड्या काढल्या, त्यात जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या झाल्या.

मग सुरू झाली पैसे जमवायची धडपड. आधी जुन्या खेळण्यांची विक्री. मुलांनी आपापली खेळणी टेबलावर मांडलेली पाहिली आणि असा भोकाड पसरला की प्रत्येक आईबापाने आपलंच खेळणं पैसे मोजून परत नेलं. कमाई झाली, पण आपण दरोडा घातल्यासारखं वाटत राहिलं. मग मुलांच्या हातांचे निळे ठसे उमटवलेले टॉवेल, मी शिवलेले. हातोहात खपले. आठवड्याने एका आजोबांनी तो तोंड पुसलेला टॉवेल आणि ते निळं तोंड, दोन्ही घेऊन जिना चढून येऊन दाखवलं. केकच्या दिवशी एका बापाने केलेला केक सगळ्यांत आधी संपला, त्यावरून तीन आया त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. जिना मात्र होता तिथेच लोंबकळत राहिला.

युक्ती दादाने काढली. मुलांचे आवाज विकायचे. म्हणजे कुणाला सकाळी उठवायला गजराच्या जागी नातवाचा आवाज, कुणाच्या मोबाइलवर "आजोबा, गोळी घेतली का?", कुणाच्या दुकानात "या या, बसा". दादाने माइक आणला, मुलं माइकसमोर उभी राहिली आणि दगड झाली. तेव्हा वहिनीच म्हणाली, फोनवर मोकळी बोलतात. दादाने फोनच्या वायरीला रेकॉर्डर जोडला, रिसीव्हर उचलला की आपोआप चालू होणारा. कामाच्या वेळेपुरता चालू ठेवायचा, एरवी बंद, अशी वहिनीची अट होती, आणि खटका तिच्याच हाताशी होता.

युक्ती धो धो चालली. गोळीवाल्या निरोपाला तर इतकी मागणी आली की आमच्या रस्त्यावरचे सगळे म्हातारे एकाच वेळी नातवंडांकडून दटावून घेऊ लागले. जिना वरपर्यंत पोचला. राहिला फक्त कठडा. आणि कठड्याचे सगळे पैसे एकटा द्यायला तयार होता तो कोपऱ्यावरचा बेकरीवाला. त्याचं गिऱ्हाईक आत येताना दार सताड उघडं टाकायचं, भट्टीची ऊब बाहेर जायची आणि गल्ल्यावर बसणाऱ्या त्याच्या बायकोचे गुडघे धरायचे. त्याला दारात बसवायला आवाज हवा होता, दार लावा म्हणून सांगणारा. पण माणूस महाचिकित्सक. एका मुलाचा आवाज ऐकून म्हणाला, हा तर मला हाणायला येतोय. दुसरीचा ऐकून म्हणाला, ही पाठ केलेलं म्हणतेय. तिसरा मध्येच हसला होता.

एका संध्याकाळी दादा आमच्या खोलीत रेकॉर्डर घेऊन बसला होता, दिवसभराचं ऐकत. मी एका पँटची शिलाई उसवत होते, वहिनी मुलांचे पेले पुसत होती. एकदम त्यातून एक आवाज आला. बारीक, किंचित घोगरा, अजिबात घाई नसलेला. "दार लावून घे हं. गार वारा येतो."

दादा उडालाच. "हाच! हा कुणाचा?"

वहिनीचा हात पेल्यात थांबला. त्या दुपारी ती रेकॉर्डर बंद करायला विसरली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिने पेला खाली ठेवला, परत उचलला. "आहे एक मुलगी," म्हणाली.

"देऊ का मग बेकरीवाल्याला?"

तिने पुसलेलाच पेला परत पुसला. मला वाटलं दमली असेल. मग म्हणाली, "दे. तो आवाज इकडे कुणी ऐकलेलाच नाही. ओळखणार कोण?" मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही आणि विचारलं असतं तर सांगितलाही नसता. लोखंडवाला बाहेर पैशासाठी ताटकळला होता, परवान्याची मुदत संपत आली होती, आणि विशीपासून पन्नाशीपर्यंत जे तिने कधी केलं नाही ते तिने त्या एका शब्दात केलं.

बेकरीवाला खूश. दार उघडलं की डब्यातून आवाज यायचा, "दार लावून घे हं. गार वारा येतो," आणि गिऱ्हाईक हसत हसत वळून दार लावायचं. त्याच्या बायकोचे गुडघे सुधारले म्हणे.

पुढच्या आठवड्यात मी ब्रेड घ्यायला उभी होते. बटणाची आई आत आली. ती एरवी लॉन्ड्रीजवळच्या दुकानातून घ्यायची, त्या दिवशी इकडे कशी वळली देव जाणे. दाराने सांगितलं, दार लावून घे हं. ती थांबली. बाहेर गेली आणि परत आत आली. दार बोललं. परत बाहेर, परत आत. मागे रांग लागली. बेकरीवाला वैतागून म्हणाला, "अहो बाई, आत या नाहीतर बाहेर राहा, काय गंमत लावलीय?" लोक हसले. मीही हसले. मग तिचं तोंड पाहिलं आणि माझं हसू आत गेलं.

"हा आवाज कुठून आणलात?" तिने विचारलं.

"बालवाडीच्या बाईंकडून," बेकरीवाला ऐटीत म्हणाला. "विकत घेतलाय."

"माझी आहे ती," ती म्हणाली.

ती तशीच बालवाडीत गेली आणि मी ब्रेड तिथेच विसरून तिच्या मागे. मुलांची झोपायची वेळ होती. स्वयंपाकघरात वहिनी फोनखाली स्टुलावर बसली होती. आईला पाहिल्याबरोबर उभी राहिली. काही सांगायची गरज पडली नाही.

"माझी मुलगी बोलते?"

"फोनवर. दुपारी, सगळे झोपले की."

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"आणि तुम्ही मला रोज दारात सांगता, छान जेवली."

"मला वाटलं तिचं तिला येऊ द्यावं," वहिनी म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत. कुठलीही आई विचारेल. आणि विचारलं की ती परत मिटली असती. ती आजीला फोन करते. आजी आहे का, विचारते. मी सांगते, जागेवर नाहीत, निरोप ठेवायचा का. मग ती निरोप ठेवते. ते दाराचं तिने आजीसाठी सांगितलं होतं."

आई खाली स्टुलावर बसली. "आणखी काय सांगते?"

वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं उठून तिला गदागदा हलवावं. अगं, समोर आई बसलीय, सांग ना!

आई तिच्याकडे बघत राहिली. ओरडली नाही, तेच वाईट. "बेकरीवाल्याला दिलंत," ती म्हणाली. "मला नाही."

मी आयुष्यभर प्रत्येक भांडणात वहिनीच्या विरुद्ध बाजूला उभी राहिले. त्या दिवशी मला कुठल्याच बाजूला उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी आई मुलीला हाताला धरून बेकरीत घेऊन गेली. तिला वाटलं, स्वतःचा आवाज ऐकून पोर हसेल, काहीतरी बोलेल. दार बोललं. बटण दाराकडे बघत राहिली, मग डब्याकडे, मग डब्याच्या मागे कुणी आहे का ते वाकून पाहिलं. आजीला दिलेला निरोप आजीला पोचलाच नव्हता, तो इथे खिळ्याला टांगलेला होता, एवढं तिला कळलं असणार. तिने बटण तोंडात घातलं. त्या दिवसापासून ती फोनच्या पडद्याजवळ गेली नाही. दुसऱ्या कुणासाठी घंटी वाजली तरी कानांवर हात ठेवायची. बेकरीजवळ आली की आईचा हात सोडून पलीकडच्या बाजूला पळायची.

आईने तो आवाज बेकरीतून मोबाइलवर घेतला होता. घरी ती तो लावायची. "एकदा म्हण ना, बाळा, असंच. एकदाच." पोर कॉटखाली जाऊन बसायची. हे आईनेच दारात वहिनीला सांगितलं. तोडून बोलायची ती आता, पण मुलगी बालवाडीतच सोडायला लागायची. लॉन्ड्रीवाला कुठे थांबतोय?

वहिनीने ऐकलं आणि त्याच संध्याकाळी बेकरीत जाऊन डबा काढून आणला, बेकरीवाल्याचे अजून खर्च न झालेले पैसे त्याच्या हातात ठेवून. दादा घरी तिच्यावर चांगलाच उखडला. "कठड्याचं काय? लोखंडवाल्याला मी काय तोंड दाखवू? एका पोरीसाठी बाकीच्या सगळ्यांची शाळा बुडवणार का?"

"बुडाली तर माझ्यामुळे बुडेल," वहिनी म्हणाली. "तिच्या आवाजावर चालायला नको."

तपासणीवाल्याने कठड्याविना जिना बघून उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली, तेही तोंड वाकडं करून. उन्हाळ्यात काय होईल ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि आजही नीटसं माहीत नाही. कठड्याच्या जागी दोर बांधला आहे, आणि वहिनी त्या दोराकडे बघणं टाळते.

एका सुट्टीच्या दिवशी तिने पेचकस घेतला आणि दोन्ही फोन भिंतीवरून आणि टेबलाखालून काढले. मला वाटलं विकतेय. तर म्हणाली, "वन्सं, चला, शिडी धरायला कुणीतरी लागेल." दादा रागातच होता, पण वायरी घेऊन आला. आम्ही तिघं बटणाच्या घरी गेलो. आईने दार उघडलं, आमच्याकडे आणि फोनकडे बघितलं. मुलगी शेजारी खेळायला गेली होती.

"हे तुमच्याकडे लावते," वहिनी म्हणाली. "चालेल का?"

आई दारातून बाजूला झाली.

एक फोन मुलीच्या कॉटखाली बसवला, कारण ती आता तिथेच असायची. दुसरा स्वयंपाकघरात, शेगडीजवळ. दादा तारा ठोकत होता तोवर वहिनी आईला शिकवत होती. मी शिडीवरचा हात न सोडता ऐकत होते.

"घंटी वाजेल, नाहीतर वाजणार नाही. आपण करायची नाही. वाजली तर हातातलं ठेवून घ्यायचं. ती म्हणेल, आजी आहे का. तुम्ही काय म्हणाल?"

"बाळा, मी आहे ना, असं..."

"नाही. तिथे तुम्ही आई नाही. आजी आत्ता जागेवर नाहीत. निरोप ठेवायचा का? म्हणा."

"आजी आत्ता..." आई तिथेच अडली. आजी म्हणजे तिची स्वतःची आई होती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. जिचं नाव घेऊन ती अजून नीट रडलीही नव्हती.

"परत म्हणा," वहिनी म्हणाली. मला तिचा संताप आला, इतकी कठोर होती ती त्या क्षणी. पण आईने डोळे पुसले आणि परत म्हटलं. परत एकदा. चौथ्या वेळी आवाज सरळ आला.

"आणि एकच नियम," वहिनी म्हणाली, आणि तिची मान खाली गेली. "मी मोडला तो. लाइनवरचं बाहेर सांगायचं नाही. तिलासुद्धा नाही. कालचं आज विचारायचं नाही."

निघताना आईने दादापुढे मोबाइल धरला. "तो आवाज पुसून द्या यातून. माझ्या हातून होत नाही." दादाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने मान हलवली नाही की डोलावली नाही. त्याने पुसला.

बालवाडीत मुलं दोन दिवस फोन कुठे गेला म्हणून विचारत राहिली. दुसऱ्या घरी लागलाय, वहिनी सांगायची. वाघाचे निरोप थांबले. बटण येत राहिली, तशीच, तोंडात बटण, कुणाशी एक शब्द नाही. पण कानांवरचे हात खाली आले होते, कारण आता वाजायला काही नव्हतंच.

मध्ये बरेच आठवडे गेले. एका संध्याकाळी आई मागच्या नव्या जिन्याने वर आली. बटण खाली अंगणात ठोकळे गोळा करत होती. वहिनी सांगायला गेली, छान जेवली, आणि मध्येच थांबली. आयुष्यात कधी कुणाला न विचारलेलं तिने विचारलं, तेही इतक्या हळू आवाजात की मला पुढे सरकावं लागलं. "करते का हो फोन?"

आईने दोराला धरलं. रागावलेली दिसत नव्हती. खूप दमलेली दिसत होती, आणि तिचा चेहरा वेगळाच दिसत होता, कसा ते मला सांगता येत नाही.

"लाइनवरचं बाहेर सांगायचं नसतं, बाई," ती म्हणाली.

वहिनी मग म्हणाली, "हो. बरोबर आहे." ती आत वळली, स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे चहाचा कप घेऊन गेले. शेगडीशेजारी भिंतीवर फोनच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला आहे, चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. ती त्या चौकोनावर हात ठेवून उभी होती. मी कप ओट्यावर ठेवला. त्या दिवशी मी तिला काहीच विचारलं नाही.